उत्तरे ताडून पाहणे : वाचन-कसोटीनंतरच्या एका प्रघाताचा विचार

लेखी परीक्षा आटोपल्यावर परीक्षार्थींनी परस्परांची उत्तरे ताडून पाहावीत, हा प्रघात परीक्षांइतकाच जुना असावा. अध्यापनशास्त्राने त्याची दखल घेतली ती बहुतांशी तक्रारीच्या सुरात. झाल्या पेपराची चर्चा करू नका, पुढच्या पेपराकडे लक्ष द्या, हा उपदेश प्रत्येक पिढीतील शिक्षकांनी केला आणि प्रत्येक पिढीतील विद्यार्थ्यांनी तो कानाआड केला. गणिताच्या पेपरापुरता हा उपदेश योग्य म्हणता येईल. तेथे उत्तर ताडून पाहिल्याने फार तर चूक झाल्याचे कळते आणि मन खट्टू होते. वाचन-कसोटीची गोष्ट निराळी आहे. उतारा वाचून त्यावरील प्रश्नांना दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडावयाचे, या प्रकारच्या कसोटीत मुलाने नेमके काय वाचले हे उत्तरपत्रिकेवरील काळ्या केलेल्या वर्तुळावरून समजत नाही. ते समजलेच तर पटांगणात समजते, जेव्हा सोबती त्याला 'हेच का?' असे विचारतो आणि त्याला काही तरी उत्तर द्यावे लागते. प्रस्तुत लेखात या चर्चेचे स्वरूप, तिच्यातून होणारा लाभ व घडणारा अनर्थ, आणि मालवणी मुलखातील बालवाचकाच्या दृष्टीने तिला असलेले विशेष महत्त्व यांचा विचार करावयाचा आहे. विवेचनासाठी देवगड तालुका आणि शासकीय शिष्यवृत्ती परीक्षा डोळ्यांपुढे ठेवली आहे.

ही परीक्षा पुणे येथील महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. पूर्वी ती इयत्ता चौथी व सातवीसाठी होती. २०१६-१७ या शैक्षणिक वर्षापासून ती पाचवी व आठवीसाठी घेण्यात येऊ लागली, आणि २०२५ साली शासनाने ती पुन्हा चौथी व सातवीच्या स्तरावर नेण्याचा निर्णय घेतला. पाचवी-आठवीच्या रचनेत दोन पेपर असत. पहिल्यात प्रथम भाषा व गणित, दुसऱ्यात तृतीय भाषा व बुद्धिमत्ता चाचणी. प्रत्येक पेपरात ७५ प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, वेळ दीड तास. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ७२ सेकंद मिळतात. त्यांपैकी प्रथम भाषेचे प्रश्न २५. गद्य उतारा, कविता, एखादी सूचना वा जाहिरात वाचून उत्तरे द्यावयाचे प्रश्न याच भागात येतात. ज्याला काटेकोर शास्त्रीय अर्थाने 'प्रमाणित वाचन-कसोटी' म्हणतात ती हीच, असा दावा येथे नाही; तथापि एकच उतारा, एकच वेळ, एकच उत्तरसूची आणि साऱ्या राज्यातील मुलांची एकाच मापाने तुलना, ही प्रमाणित कसोटीची मुख्य लक्षणे तिच्यात आहेत आणि पुढील विवेचनास तेवढी पुरेशी आहेत.

देवगडसारख्या तालुक्यात या परीक्षेला जे वजन आहे ते केवळ रकमेचे नव्हे. २०२३ साली शिष्यवृत्तीची वार्षिक रक्कम पाचवीसाठी ५,००० व आठवीसाठी ७,५०० रुपये करण्यात आली. रक्कम लहान नाही, परंतु तिच्यासाठीच मुले वर्षभर जादा तासांना बसतात असे म्हणता येणार नाही. सिंधुदुर्ग हा १ मे १९८१ रोजी जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झालेला छोटा जिल्हा. शालान्त परीक्षेच्या निकालात रत्नागिरी-सिंधुदुर्गाचे कोकण विभागीय मंडळ २०१२ पासून राज्यात अग्रस्थानी राहत आले आहे. आंबा आणि मासळी यांखेरीज ज्या भागाची ओळख परीक्षेच्या निकालाने होते, तेथे चौथी-पाचवीच्या मुलाच्या शिष्यवृत्तीचीही वाडीत चर्चा होते. परीक्षा बहुधा फेब्रुवारीतील एखाद्या रविवारी असते. हापूसच्या कलमांवर या दिवसांत मोहोर आणि बारीक कैरी एकदमच दिसते आणि बागायतदार फवारणीच्या घाईत असतो. सड्यावरच्या आणि खाडीकाठच्या वाड्यांतून मुले एस.टी.ने वा शिक्षकाने ठरविलेल्या गाडीने केंद्रावर येतात. दोन पेपरांच्या मध्ये सुटी असते. डबा उघडण्यापूर्वी जे ऐकू येते ते असे : 'तिसऱ्याचा काय लिवलंस?' 'दोन.' 'माजा पण दोनच.' आणि मग पुढच्या प्रश्नाकडे.

या तीन वाक्यांत ताडून पाहण्याचा सर्वसाधारण प्रकार येऊन जातो. त्यात ताडला जातो तो पर्यायाचा क्रमांक. प्रश्नपत्रिकेचे संच निरनिराळे असून त्यांत प्रश्नांचा क्रम बदललेला असल्यामुळे क्रमांक ताडणेदेखील वाटते तितके सरळ नसते. एकाचा तिसरा प्रश्न दुसऱ्याचा नववा असू शकतो. मुलांना हे लवकरच उमगते आणि ती क्रमांकाऐवजी पर्यायाचे शब्द उच्चारू लागतात. ही पहिली पायरी चढल्यावर, क्वचित, दुसरी येते : 'कित्याक?' हा प्रश्न विचारला गेला की मगच उताऱ्याची ओळ पुन्हा वाचली जाते. क्रमांक, शब्द आणि कारण या तीन पातळ्यांपैकी पहिल्या दोनच पातळ्यांवर बहुतेक चर्चा संपते. तिसरीवर पोहोचते ती बहुधा दोघांची उत्तरे जुळत नाहीत तेव्हाच. जुळलेल्या उत्तराचे कारण सहसा कोणी विचारीत नाही.

येथे थोडे मागे जाणे इष्ट ठरेल. पर्याय देऊन वाचन मोजण्याची पद्धत अमेरिकेत पहिल्या महायुद्धाच्या सुमारास रूढ झाली. फ्रेडरिक केली यांची कॅन्सस मूकवाचन कसोटी १९१५च्या सुमाराची. तपासनीसागणिक गुण बदलू नयेत, आणि हजारो मुलांच्या उत्तरपत्रिका थोड्या वेळात तपासता याव्यात, हा तिचा उद्देश होता आणि तो सफल झाला. त्यानंतर थोड्याच काळाने, १९१७ साली, एडवर्ड थॉर्नडाइक यांनी वाचनातील चुकांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी पर्याय न देता मुलांना मोकळी उत्तरे लिहावयास लावली होती. फ्रँकलिन नावाच्या गावी सात ते चौदा वर्षांच्या मुलांनी शाळेत गेलेच पाहिजे, मात्र मूल फार आजारी असेल, घरात कोणास सांसर्गिक रोग झाला असेल वा रस्ते बंद असतील तर सूट आहे, एवढ्या आशयाचा तो उतारा. हा उतारा सर्वसाधारणपणे कशाविषयी आहे, या साध्या प्रश्नाला कित्येक मुलांनी उताऱ्यातील एकच शब्द उचलून उत्तर दिले. कोणी 'शाळा', कोणी 'फ्रँकलिन'. थॉर्नडाइक यांचा निष्कर्ष असा की या मुलांना शब्द येत नव्हते असे नाही. प्रत्येक शब्दाला वाक्यात किती वजन द्यावयाचे हे त्यांना साधत नव्हते. एखादा शब्द मनात अवाजवी जोर करून बसे आणि इतर शब्द त्याच्यापुढे फिके पडत. वाचन म्हणजे अनुमान, असे त्यांनी म्हटले ते या अर्थाने.

या दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे पर्यायी कसोटीने काय मिळविले आणि काय गमावले ते ध्यानात येते. गुणांची निश्चिती मिळाली. वजनाची चूक कोठे झाली हे दिसेनासे झाले. पटांगणातील चर्चा ही गमावलेली वस्तू अंशतः परत आणते. पर्याय निवडलेला असतो, पण तो का निवडला हे सांगताना मूल पुन्हा थॉर्नडाइकच्या मुलांसारखे मोकळे उत्तर देत असते. संशोधकाच्या दृष्टीने हा अयाचित लाभ होय.

आता मुलांच्या दृष्टीने पाहावयाचे तर पहिला प्रश्न असा की, 'माजा पण दोनच' याने नेमके काय सिद्ध होते? मुलाला वाटते, उत्तर बरोबर असल्याचे सिद्ध झाले. संभाव्यतेच्या गणिताने या समजुतीची परीक्षा घेता येते. समजा, एखाद्या प्रश्नाचे उत्तर शंभरातील साठ मुलांना बरोबर येते आणि उरलेली चाळीस मुले तीन चुकीच्या पर्यायांत समान विभागली जातात. मग कोणत्याही दोन मुलांची उत्तरे जुळली असता ती बरोबर असण्याची शक्यता सुमारे ८७ टक्के येते. मुलाची समजूत येथे रास्त आहे. परंतु वाचन-कसोटीचे चुकीचे पर्याय असे सारख्या बळाचे क्वचितच असतात. कसोटी रचणारा एक पर्याय मुद्दाम आकर्षक ठेवतो. त्यास विकर्षक म्हणतात. चाळीसही मुले त्या एकाच विकर्षकाकडे गेली, तर जुळलेले उत्तर बरोबर असण्याची शक्यता ६९ टक्क्यांवर येते. आणि प्रश्न अवघड असून चाळीस मुलांनाच बरोबर उत्तर आले, साठ मुले विकर्षकाला भुलली, तर ती ३१ टक्के उरते. अशा प्रश्नावर दोघांचे एकमत हे उत्तर चुकल्याचेच चिन्ह अधिक.

दोघांऐवजी पाच जण जमले म्हणून स्थिती सुधारते असे नाही. फ्रेंच विचारवंत काँदोर्से याने १७८५ साली दाखविले की, प्रत्येक व्यक्ती बरोबर असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असेल तर गट जसजसा मोठा तसतसे बहुमत अधिक विश्वसनीय होते. निम्म्याहून कमी असेल तर मोठ्या गटाचे बहुमत अधिकच चुकते. वरच्याच आकड्यांवरून, दोनच पर्यायांत मते विभागली आहेत असे धरले, तर सोप्या प्रश्नावर पाच मुलांचे बहुमत ६८ टक्के वेळा बरोबर येईल, अवघड प्रश्नावर केवळ ३२ टक्के वेळा. शिवाय काँदोर्सेच्या गणितात प्रत्येक मत स्वतंत्र असावे लागते. एकाच शाळेची, एकाच गुरुजींच्या हाताखाली त्याच मार्गदर्शिकेतून शिकलेली पाच मुले म्हणजे पाच स्वतंत्र मते नव्हेत. कित्येकदा ते एकच मत पाचदा उच्चारलेले असते. कोणता प्रश्न सोपा आणि कोणता अवघड हे मुलांना ठाऊक नसते, ही यातील खरी अडचण. सोप्या प्रश्नावरील एकमत आणि अवघड प्रश्नावरील एकमत ऐकावयास सारखेच वाटते.

मालवणी मुलखात या एकमताला आणखी एक पदर येतो, आणि तो भाषेचा आहे. उतारा प्रमाण मराठीत असतो. चर्चा मालवणीत होते. मालवणीत नसलेला शब्द उताऱ्यात आला तर मूल अडखळते, विचारते, शिकते. त्याचा फारसा त्रास नाही. धोका आहे तो दोन्हीकडे असलेल्या आणि दोन्हीकडे वेगळ्या अर्थाच्या शब्दांचा. 'सडा' म्हणजे देवगडच्या मुलाला जांभ्या कातळाचे उघडे पठार. पुस्तकी मराठीत सडा शेणपाण्याचा वा फुलांचा. 'मळा' म्हणजे येथे खाडीच्या वा ओहोळाच्या बाजूची सखल भातजमीन. घाटावर विहिरीच्या पाण्यावर पिकणारे बागाईत शेत. 'कलम' म्हटले की येथे प्रथम हापूसचे झाड आठवते, मग लेखणी आणि कायद्यातील कलम. हे शब्द मुलाला अपरिचित नाहीत, म्हणून तो थांबत नाही; थॉर्नडाइकच्या परिभाषेत, घरच्या अर्थाचे वजन उताऱ्यातील संदर्भाच्या वजनावर मात करते.

'खळे' या शब्दाचे उदाहरण अधिक विस्ताराने पाहण्याजोगे आहे. घाटावर खळे म्हणजे धान्य मळण्याची जागा. मालवणी 'खळां' म्हणजे घरापुढचे अंगण, पाऊस सरला की चोपून, सारवून पुन्हा तयार करावयाचे. भाताचे काम याच अंगणात होते; दोन अर्थ एकमेकांस परके नाहीत हे उघड आहे. आता पुढील चार वाक्ये केवळ उदाहरणादाखल रचली आहेत असे समजावे. भाताची कापणी झाली होती. पेंढ्या खळ्यात येऊन पडल्या होत्या. संध्याकाळी मुले तेथेच खेळत. आजी ओटीवर बसून त्यांच्याकडे पाहत असे. प्रश्न : 'खळे' म्हणजे काय? पर्याय : (१) मळणीची जागा, (२) घरापुढचे अंगण, (३) धान्याचे कोठार, (४) शेताचा बांध.

देवगडच्या केंद्रावरील मुले येथे बहुधा दुसरा पर्याय निवडतील आणि मधल्या सुटीत सर्वांचे जुळेल. परंतु हे जुळणे एका प्रकारचे नाही. एका मुलीने आजी ओटीवरून पाहत होती हे वाक्य ध्यानात घेतले. ओटीवरून दिसते ते घरासमोरचेच, तेव्हा हे अंगण असले पाहिजे, असे अनुमान केले. तिच्या मैत्रिणीने उतारा पुरा वाचलाच नाही. खळां म्हणजे अंगण हे तिला जन्मापासून ठाऊक होते. तिसऱ्या कोणाला चारांपैकी दुसरे उत्तर सर्वांत लांबट दिसले. तिघांच्या उत्तरपत्रिका एक, वाचने तीन, आणि त्यांपैकी एकच वाचन म्हणण्याजोगे. 'माजा पण दोनच' यात हा सर्व भेद झाकला जातो. उत्तरसूचीत पहिला पर्याय बरोबर ठरला, तर तिघींनाही शून्य गुण मिळतात, आणि ओटीचे वाक्य पाहणाऱ्या मुलीला आपले वाचन चुकले असे वाटू लागते. ही या प्रकरणातील सर्वांत मोठी हानी होय. गुण दोन गेले तर त्याची भरपाई दुसऱ्या प्रश्नात होते. संदर्भ पाहून वाचण्याची सवयच चुकीची ठरली असे मुलीच्या मनाने घेतले तर त्याची भरपाई कशात होणार?

याच घोळक्यात घाटावरून बदलून आलेल्या एखाद्या नोकरदाराची मुलगी असेल आणि तिने पेंढ्यांचे वाक्य पाहून पहिला पर्याय निवडला असेल, तर चर्चेचे रूप पालटते. आता उत्तरे जुळत नाहीत. आता 'कित्याक?' अपरिहार्य होते. एकीला ओटी दाखवावी लागते, दुसरीला पेंढ्या. आणि एका शब्दाचे दोन प्रांतांतले दोन अर्थ दोघींनाही प्रथमच समजतात. ताडून पाहण्यापासून होणारा लाभ मतभेदावर अवलंबून असतो, हे येथे स्पष्ट दिसते. दुर्दैव असे की मुले ताडून पाहावयास जातात ती मतैक्य शोधण्यासाठी, आणि मतभेद निघाला की बहुधा घोळक्यातील 'हुशार' समजल्या जाणाऱ्या मुलाचे उत्तर प्रमाण मानून मोकळी होतात. सॉलोमन ॲश यांचे १९५०च्या दशकातील प्रयोग प्रसिद्ध आहेत : समोरच्या रेषांची लांबी डोळ्यांना स्वच्छ दिसत असूनही, बाकीचे सर्व जण एकमुखाने चुकीचे उत्तर देत आहेत असे पाहून माणसे सुमारे एकतृतीयांश वेळा त्यांच्यामागे गेली. त्याच प्रयोगांत असेही दिसले की, गटात एक जरी भिडू आपल्या बाजूने बोलणारा मिळाला तर हे मागे जाणे फार कमी होते. पेंढ्या पाहणाऱ्या मुलीला एक सोबतीण असणे नसणे, यावर बरेच काही अवलंबून राहते.

परीक्षा संपल्यावर चर्चा करून उपयोग काय, गुण तर बदलत नाहीत, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. शिक्षणाच्या दृष्टीने तो टिकत नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात आनुवंशिकीच्या वर्गावर झालेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थी आधी एकेकट्याने उत्तर देत, मग शेजाऱ्यांशी चर्चा करून पुन्हा उत्तर देत, आणि नंतर त्याच तत्त्वावरचा पण वेगळा प्रश्न पुन्हा एकट्याने सोडवीत. चर्चेनंतरचा नवा प्रश्न पुष्कळ अधिक विद्यार्थ्यांना सुटला. आणि ज्या गटात प्रारंभी कोणासही उत्तर येत नव्हते असे मानण्यास जागा होती, तेथेही सुधारणा दिसली. म्हणजे चर्चेत केवळ जाणत्याकडून अजाणत्याकडे उत्तर सरकत नाही. कारणे मांडण्यातूनच काही समजते. हे महाविद्यालयीन विद्यार्थी होते आणि विषय वाचनाचा नव्हता, हे विसरता कामा नये, तथापि 'कित्याक?' चे मोल यावरून कळते.

स्मृतीसंबंधीचे संशोधन या बाबतीत दोन्हीकडे बोट दाखविते. बटरफील्ड व मेटकाफ यांना २००१ साली असे आढळले की, ज्या चुकीच्या उत्तराविषयी माणसाला पक्की खात्री असते, ते खरे उत्तर कळल्यावर अधिक सहजपणे सुधारले जाते. अंदाजाने दिलेल्या चुकीपेक्षा ठामपणे केलेली चूक लवकर दुरुस्त होते, कारण बसलेला धक्का लक्ष वेधून घेतो. मात्र यासाठी खरे उत्तर कळावे लागते. ते न कळता पर्यायी परीक्षा नुसतीच दिली तर, रोडिगर व मार्श यांनी २००५ साली दाखविल्याप्रमाणे, निवडलेला चुकीचा पर्याय पुढे खऱ्या ज्ञानासारखा स्मरणात राहू शकतो. मधल्या सुटीतील एकमत हे दुसऱ्या प्रकारात मोडते. तेथे उत्तर पक्के होते, परंतु तपासलेले नसते. चुकीचा पर्याय एकदा उत्तरपत्रिकेवर आणि एकदा मैत्रिणीच्या तोंडून, असा दोनदा घोटला जातो.

चर्चेतून उद्भवणाऱ्या हळहळीबद्दलही थोडे. 'मी आधी तेच धरलं होतं, मग बदललं', हे वाक्य प्रत्येक केंद्रावर ऐकू येते, आणि त्यातून मनात पहिले आलेले उत्तर बदलू नये असा सिद्धान्त मुले काढतात, पालकही काढतात. क्रुगर व त्यांचे सहकारी यांनी २००५ साली इलिनॉय विद्यापीठातील उत्तरपत्रिकांवरील खोडाखोड मोजली, तेव्हा बदललेल्या उत्तरांपैकी सुमारे निम्मी चुकीची बरोबर झाली होती आणि बरोबरची चूक झालेली केवळ चतुर्थांश होती. बदलून गमावलेला गुण मनाला अधिक लागतो आणि म्हणून अधिक आठवतो, एवढाच त्या सिद्धान्ताचा आधार. शिष्यवृत्तीच्या उत्तरपत्रिकेवर बॉलपेनाने वर्तुळ भरावयाचे असल्याने तेथे खोडण्याला वाव नाही. बदल होतो तो वर्तुळ भरण्यापूर्वी, मनातल्या मनात. तरी हळहळ तीच.

उत्तरे ताडून पाहण्याने प्रत्यक्ष कसोटीच दुरुस्त झाल्याचे एक उदाहरण न्यूयॉर्क राज्यातील आहे. एप्रिल २०१२ मध्ये तेथील आठवीच्या प्रमाणित इंग्रजी वाचन-कसोटीत ससा आणि बोलका अननस यांच्या शर्यतीची एक विनोदी कथा होती. अननस सशाला आव्हान देतो, त्याच्यापाशी काही युक्ती असावी असे बाकीच्या प्राण्यांना वाटते, अननस जागचा हलत नाही, ससा जिंकतो आणि प्राणी अननस खाऊन टाकतात. प्राण्यांनी अननस का खाल्ला, त्यांपैकी सर्वांत शहाणा कोण, असे प्रश्न खाली होते. परीक्षेबाहेर पडून मुलांनी उत्तरे ताडून पाहिली, ती जुळेनात. गोष्ट पालकांकडे आणि तेथून वृत्तपत्रांत गेली. राज्याचे शिक्षण आयुक्त जॉन किंग यांना ते प्रश्न गुणांकनातून वगळत असल्याचे जाहीर करावे लागले. कथा विसंगतीवर आधारलेली होती आणि प्रश्न मात्र सुसंगत कारणाची अपेक्षा करणारे होते, ही तज्ज्ञांच्या नजरेतून निसटलेली गोष्ट मुलांच्या मतभेदाने उघडकीस आली. ज्या कसोट्यांतील प्रश्न पुढील वर्षी पुन्हा वापरावयाचे असतात तेथे अशी चर्चा निषिद्ध मानतात, आणि ते समजण्याजोगे आहे; पण अशा ठिकाणी सदोष प्रश्न दडून राहण्याचा धोकाही तितकाच.

शिष्यवृत्ती परीक्षेत तसा निषेध नाही. परीक्षा परिषद आधी अंतरिम उत्तरसूची प्रसिद्ध करते, तिच्यावर पालक व शाळा यांना ठराविक मुदतीत आक्षेप नोंदविता येतात, आणि त्यांचा विचार करून अंतिम उत्तरसूची निघते. व्यवस्था चांगली आहे. मात्र तिचा उपयोग होण्यासाठी कोणाला तरी उत्तर खटकावे लागते, आणि खटकण्याचे कारण शब्दांत मांडता यावे लागते. वरच्या 'खळे'च्या उदाहरणात आमच्या केंद्रावरील सर्व मुलांनी दुसराच पर्याय लिहिला, हा आक्षेप होऊ शकत नाही; त्याने फार तर सार्वत्रिक चूक सिद्ध होईल. उताऱ्यातील ओटीचे वाक्य आणि कोकणातील शब्दार्थ यांचा निर्देश केला तर तो आक्षेप होतो. तो निर्देश करण्याची क्षमता त्या मुलीपाशी होती, जिने ते वाक्य पाहिले होते. तिला 'कित्याक?' असे कोणी विचारले नसेल तर तिचे कारण तिच्यापाशीच राहते, शिक्षकांपर्यंत जात नाही आणि पुण्यापर्यंत जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. घाटावरच्या मुलांच्या मनात 'खळे' या शब्दाने शंका उत्पन्न होणार नाही. म्हणजे हा दोष राज्यात कोठे उमटू शकला तर तो किनारपट्टीवरच, आणि तेथेही एकमताखाली दडपला जाण्याची भीती.

कारणे विचारली गेली तर आणखी एक गोष्ट बाहेर पडते, जी शिक्षकांना फारशी रुचणार नाही. काही मुले सांगतात की, उतारा वाचला नाही, प्रश्न वाचले आणि पर्यायांवरून ओळखले. १९९० साली कॅट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सॅट या प्रवेशपरीक्षेतील वाचनाचे प्रश्न उतारे काढून घेऊन विद्यार्थ्यांना दिले, तेव्हा केवळ अंदाजाने जितकी उत्तरे बरोबर यावीत त्याहून निश्चितपणे अधिक उत्तरे बरोबर आली. उताऱ्यावाचून सुटणारा प्रश्न वाचन मोजतो की सामान्यज्ञान, हा कसोटीच्या सप्रमाणतेचा प्रश्न आहे, आणि ७२ सेकंदांच्या हिशेबाने बांधलेल्या परीक्षेत तो अधिकच तीव्र होतो. आधी प्रश्न वाचा, मग उताऱ्यात उत्तर हुडका, ही युक्ती जादा तासांना सर्रास शिकविली जाते. तिने गुण मिळतात. ओटी आणि पेंढ्या यांची सांगड मात्र तिने घातली जात नाही, कारण प्रश्नात 'खळे' हा एकच शब्द असतो आणि डोळा तेवढाच शोधत उताऱ्यावरून धावतो.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस या विषयात पाहणी करावयाची असल्यास साधने अल्प लागतात. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका व उत्तरसूच्या उपलब्ध आहेत. एकच उतारा देवगड, कणकवली, आणि घाटावर राधानगरी वा गगनबावडा येथील शाळांत द्यावा. मुलांनी आधी एकेकट्याने उत्तर लिहावे, मग दोघादोघांनी ताडून पाहावे, आणि उत्तर जुळो वा न जुळो, प्रत्येकाने आपले उत्तर ज्यावर अवलंबून आहे त्या ओळीखाली रेघ ओढावी. बोलणे मालवणीत होऊ द्यावे आणि ते तसेच टिपून घ्यावे. प्रमाण भाषेत कारण सांगण्याची सक्ती केली की निम्मी मुले गप्प बसतात. जुळलेल्या उत्तरांखालील रेघा किती वेळा जुळत नाहीत, एवढी एकच संख्या हाती आली तरी पाहणीचे सार्थक झाले असे म्हणता येईल.

आठवीच्या प्रश्नपत्रिकांचा या पाहणीत स्वतंत्र विचार करावा लागेल. तेथे कमाल २० टक्के प्रश्नांचे दोन पर्याय अचूक असतात, आणि दोन्ही नोंदविल्याखेरीज गुण मिळत नाहीत. अशा प्रश्नावर एकीने दुसरा व दुसरीने चौथा पर्याय भरला असेल, तर ताडून पाहताना दोघी वाद घालतात, एक हरते आणि दुसरी जिंकते. वस्तुतः दोघींची निवड बरोबर असू शकते, आणि गुण दोघींनाही मिळत नाहीत. या वादाचे स्वरूप पाचवीच्या वादाहून मुळातच भिन्न असल्याने दोन्ही इयत्तांची आकडेवारी एकत्र मिळवू नये.